एकशे चौदावं पान

स्तुती झाली की माणसाने खूश व्हावं, इतकी साधी गोष्ट. पण काकूंना त्या दिवशी वर्गात वाटत होतं, की बाकाखाली जागा असती तर सरळ तिथे जाऊन बसावं. सर त्यांचा प्रकल्प उंच धरून पोरांना दाखवत होते. "एकवीस संदर्भ! मोजून एकवीस! आणि तुम्ही? मोबाइलवर अंगठा फिरवला की झाला तुमचा अभ्यास!"

काकू म्हणजे खरं तर त्या वर्गात कुणाच्याच काकू नव्हत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, विशीतल्या पोरांमध्ये जाऊन बसल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी "काकू, जरा सरकता का?" म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता हजेरी घेताना सरसुद्धा तेच म्हणायचे.

प्रकल्पाचा विषय होता, शहरात नळाचं पाणी कसं आलं. सरांनी पान उलटलं. "आणि हे बघा. अभियंत्याचा पहिला अहवाल, पान एकशे चौदा. सत्तर वर्षांपूर्वीचा कागद आहे हा! माझ्या पुस्तकात मी त्याचा आधार दिलाय, पण काकू माझ्यावरसुद्धा विसंबल्या नाहीत. त्यांनी मूळ गाठलं. याला म्हणतात संशोधन."

पोरांनी बाकं वाजवली. काकूंनी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा. त्या अहवालाचा पुठ्ठा काळा की पिवळा, हेसुद्धा काकूंना माहीत नव्हतं. ती तळटीप त्यांनी सरांच्याच पुस्तकातून उचलली होती, पानाच्या आकड्यासकट.

एवढ्यावर भागलं असतं तरी एकवेळ चाललं असतं. पण सरांचा मोर्चा वळला चष्मिशकडे. चष्मिश म्हणजे पहिल्या बाकावरची हडकुळी पोरगी, बोलली तरी तोंडातल्या तोंडात. तिने प्रकल्पाच्या शेवटी चक्क लिहून टाकलं होतं, 'मूळ अहवाल ग्रंथालयात मिळाला नाही, त्यामुळे हा मुद्दा तपासता आला नाही.'

"मिळाला नाही? काकूंना मिळतो आणि तुला मिळत नाही?"

"सर, मी चौदा दिवस रोज..."

"शोधायचा कंटाळा, दुसरं काय! आणि वर लेखी कबुली! शनिवारपर्यंत तो अहवाल बघ, नव्याने लिहून आण. नाहीतर या विषयात नापास समज."

चष्मिशचे कान लालबुंद झाले. उठायचं होतं ते तेव्हाच. एक वाक्य बोलायचं होतं, दुसरं काही नाही. पण काकू जागच्या हलल्या नाहीत. तास संपला, पोरं गलका करत बाहेर गेली, आणि काकू आपल्या पिशवीची चेन उगाच लावत-काढत बसल्या.

आता कुणी म्हणेल, असं का केलं बाईने? लबाड होत्या का? अजिबात नाही. दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर अर्ध्या रस्त्यातून परत जाणाऱ्या बाई त्या. भानगड झाली ती ग्रंथालयात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा काउंटरवरच्या पोराला त्यांनी विचारलं, "पाण्यावरची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत?" तो म्हणाला, "कॅटलॉग बघा." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. एका भिंतीला छोट्या छोट्या खणांचं कपाट, दुसरीकडे दोन संगणक, आणि यातलं कॅटलॉग कशाला म्हणतात देव जाणे. मागे दोन मुली खुसूखुसू हसल्या. कदाचित त्यांचं आपलं काहीतरी चाललेलं असेल, पण काकूंच्या कानशिलापर्यंत ते हसू पोचलं. "हो, हो, बघते की," म्हणत त्या जाऊन बसल्या ते थेट कोपऱ्यातल्या टेबलावर. नंतर विचारायची हिंमतच झाली नाही. दोन लेकरांची आई, तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, अर्ध्या शहराची मापं जिच्या वहीत, तिने कुणाला विचारायचं, की बाबा रे, पुस्तक शोधतात कसं?

त्या टेबलावर सरांचं जाडजूड पुस्तक कुणीतरी ठेवून गेलं होतं. शहराचा सगळा इतिहास त्यात, आणि प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात तळटिपा. काकूंनी आधी एक उतरवली. मग दुसरी. मग हातच थांबेना. चार दिवसांत एकवीस संदर्भ झाले आणि उठून एकही कपाट उघडावं लागलं नाही.

त्यात तो एकशे चौदाव्या पानाचा. सरांनी लिहिलं होतं, खालच्या आळीतल्या लोकांनी अडाणीपणापायी नळाचं पाणी नाकारलं. काकूंचा हात तिथे एकदा अडला होता, बरं का. त्यांची आई त्याच आळीतली. लहानपणी नदीच्या पायऱ्या चढून पाण्याच्या कळशा कशा आणायची, हे आईने शंभरदा सांगितलेलं. मानेवर त्या वजनाची कळ अजून येते म्हणायची. पण आम्ही नळ नको म्हणालो, असं ती कधी बोलली नव्हती. काकूंनी पेन तोंडात धरून थोडा विचार केला. मग म्हणाल्या, छापलंय ना? सरांनी का उगाच छापलं असेल? आणि उतरवून टाकलं.

आई आता त्यांच्याकडेच राहायची. ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी अधू, कानांनी मात्र पक्की. प्रकल्पाला पैकीच्या पैकी मार्क पडल्याचं काकूंच्या मुलीने घरात जाहीर केलं, तेव्हा काकूंचे यजमान म्हणाले, "मला तर परीक्षा म्हटलं की अजून पोटात गोळा येतो आणि ही बया पहिली येते!" आई खुर्चीत सरसावून बसली. "वाच गं मला. माझ्या लेकीने काय लिहिलंय ते ऐकू दे."

काकूंनी वाचलं. टाकी, पंप, लोखंडी नळ, सगळं वाचलं. खालच्या आळीचा परिच्छेद आला तसा घसा खाकरला आणि दोन बोटांनी पान उलटून पुढे गेल्या. आई कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान लिहिलंयस हो." दुसऱ्या दिवसापासून जो घरी येईल त्याला ती सांगायची, आमच्या लेकीने पुस्तकं पालथी घातली. आणि काकू प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जायच्या.

तर सरांनी झापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चष्मिशने त्यांना जिन्यात गाठलं. "काकू, रागावणार नाही ना? तुम्हाला तो अहवाल कुठे मिळाला, मला दाखवाल? मी काउंटरवर विचारलं, ते म्हणाले संगणकात नाही. खणांतली कार्डंही पाहिली. 'पाणी' पाहिलं, 'पाणीपुरवठा' पाहिलं, 'नळ' पाहिलं. माझंच काहीतरी चुकत असणार."

पोरीच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण तिचा विश्वास होता हो, सगळा पंचाईतीचा भाग तोच. काकू म्हणाल्या, "अगं, माझ्याही नीट लक्षात नाही आता." "चालेल की, दोघी मिळून शोधू," म्हणत तिने त्यांचा हातच धरला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

ग्रंथपाल बाई महिनाभर रजेवर होत्या, त्या नेमक्या त्याच दिवशी परतल्या होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. चष्मिशचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "विषयाखाली कशाला शोधतेस? विषयाखाली पुस्तकं. अहवाल असतो तो ज्याने काढला त्या कार्यालयाच्या नावाखाली. ये इकडे." त्यांनी खणांच्या कपाटातला भलताच खण ओढला, नगरपालिकेचा. त्यात एक पिवळं पडलेलं कार्ड. कार्डावर नुसता एक आकडा. "हा दाखल क्रमांक. जुनं सगळं रजिस्टरात आहे, संगणकात कुणी चढवलंच नाही. आणि रजिस्टर काउंटरवर नसतं, माझ्या खोलीत असतं. पुढच्या वेळी सरळ मला विचारायचं, बाळ. इथे विचारायला पैसे पडत नाहीत."

बाई हे चष्मिशला म्हणाल्या, पण लागलं ते काकूंना. सहा महिने या बाईंच्या खोलीसमोरून त्या जात-येत होत्या. दार उघडंच असायचं.

रजिस्टरात आकडा सापडला, पुढे कपाटाचा नंबर सापडला. बाई स्वतः शिडीवर चढल्या. काकू खाली उभ्या राहून मनातल्या मनात म्हणत होत्या, नसू दे, वाळवीने खाल्लेलं असू दे, काहीही असू दे. पण होतं. राखाडी पुठ्ठ्याचं, वीतभर धुळीचं. बाईंनी फडक्याने पुसलं, उघडलं आणि हसायलाच लागल्या.

"अरे देवा! हे तर कोरं करकरीत आहे."

चष्मिशने वाकून पाहिलं. पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. बाईंनी समजावलं, "पूर्वी मोठा कागद छापायचे, घड्या घालून शिवायचे. कधी कधी कडा कापायच्या राहून जायच्या. मग पहिला वाचणारा सुरी घेऊन बसायचा, एकेक घडी कापत वाचायचा. हे पुस्तक आलं तेव्हापासून कुणी वाचलेलंच नाही. सत्तर वर्षं!"

चष्मिशने पुस्तकाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दुसरी प्रत पाहिली असेल ना?"

बघा पोरीचं! स्वतः नापास व्हायला टेकलेली, आणि दार उघडून धरलंय ते काकूंसाठी. आणि काकू, काय सांगावं, त्या दारातून गेल्या. "हो. एका ओळखीच्यांकडे होती," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. ग्रंथपाल बाईंनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि खणातून सुरी काढली.

"कितवं पान?"

"एकशे चौदा," चष्मिश म्हणाली.

बाई सावकाश कापत गेल्या. कागदाची बारीक भुकटी टेबलावर पडली. मग त्यांनी पुस्तक चष्मिशपुढे सरकवलं आणि ती आपल्या नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात वाचू लागली. "'खालच्या आळीतील स्त्रिया नळासाठी तीन वेळा कार्यालयात आल्या. त्यांची मागणी रास्त आहे. तथापि त्या आळीस जोड दिल्यास वरच्या वस्तीत पाण्याचा दाब कमी पडेल. सबब जोड देऊ नये असे ठरले.'" ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "काकू, हे तर उलटंच आहे. तुमच्या प्रतीत असंच होतं?"

आता काय सांगणार, कप्पाळ? काकू समोरच्या स्टुलावर मटकन बसल्या. "प्रत नव्हती गं कुठे," त्या म्हणाल्या. "मी काही पाहिलेलं नाही. सरांच्या पुस्तकातून उतरवलं सगळं. एकवीसच्या एकवीस."

चष्मिश ओरडली असती, रडली असती, तर काकूंनी पाय धरले असते. तिने फक्त वही उघडली आणि एकशे चौदावं पान शब्द न् शब्द लिहून घ्यायला लागली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पाणी हवंय का तुम्हाला?" काकूंनी मान हलवली. पाण्याचं नाव नको वाटत होतं.

शनिवारी तास सुरू व्हायच्या आधीच काकू उभ्या राहिल्या. रात्रभर जुळवलेली वाक्यं आयत्या वेळी पार उडाली. "सर, हिला मिळाला नाही ते खरं होतं. मलाही मिळाला नव्हता. मी न बघताच लिहिलं. चोरी केली मी. हिचे मार्क हिला द्या, माझे काढून घ्या." मागच्या बाकावर कुणीतरी "ओहो!" केलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. त्या पोरांच्या नजरा अंगावर घेत उभं राहणं म्हणजे काय, ते काकूंनाच ठाऊक.

सर भडकले. भडकायचेच. "लाज वाटायला हवी होती या वयात! मी सगळ्यांसमोर तुमचं कौतुक केलं! उचललीत कुठून ती तळटीप?"

काकूंच्या ओठांवर आलं होतं. सगळा वर्ग ऐकत होता, चष्मिश ऐकत होती. पण त्या म्हणाल्या, "कुठून का असेना, सर. उचलणारे हात माझे."

चष्मिश उठली आणि अहवाल सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ग्रंथपाल बाईंनी एका दिवसापुरता सोडला होता. सरांनी तो झटक्यात उघडला, आणि त्यांचा हात कडेवर थांबला. ताजी कापलेली कड, पांढरी, भुसभुशीत. पुढची सगळी पानं अजून जोडलेली.

"हे कापलं कुणी?"

"ग्रंथपाल बाईंनी. परवा," चष्मिश म्हणाली. "त्या म्हणाल्या, याआधी कुणी उघडलंच नव्हतं. शहरात ही एकच प्रत आहे."

सरांनी एकशे चौदावं पान वाचलं. वाचून झाल्यावरही ते मान वर करेनात. त्यांच्या मानेवर चढत गेलेली लाली काकूंनी पाहिली आणि चटकन नजर वळवली, कारण ती लाली आतून कशी भाजते हे त्यांना चार दिवसांत चांगलं समजलं होतं. पोरांना काहीच कळलं नाही. सर म्हणाले, "हिचे मार्क मी दुरुस्त करतो. काकू, तुम्ही नवीन लिहून आणा." मग खडू हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि अर्धा तास बाकी असताना वर्गातून निघून गेले.

संध्याकाळी घरी कुणी नव्हतं, आई तेवढी खिडकीपाशी खुर्चीत. काकूंनी चपला काढल्या आणि थेट तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या. चष्मिशच्या वहीवरून पान उतरवून आणलं होतं, ते वाचून दाखवलं. तीन वेळा आल्या. मागणी रास्त आहे. जोड देऊ नये असे ठरले. आई डोळे मिटून ऐकत होती.

"आई, मी आधी उलटं लिहिलं होतं गं. तुम्हीच पाणी नको म्हणालात, अडाणी होतात, असं लिहिलं होतं. तुला वाचून दाखवताना तेवढं गाळलं."

"ठाऊक आहे मला."

काकूंनी चमकून पाहिलं.

"पान दोनदा वाजलं ना तुझं. म्हटलं, काहीतरी राहिलं. दुसऱ्या दिवशी नातीकडून वाचून घेतलं." आई साडीच्या काठाची सुटलेली दशी बोटाने गुंडाळत होती. "तिला म्हटलं, आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल."

"मग बोलली का नाहीस? ओरडायचंस मला! येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगत बसलीस!"

"काय बोलायचं?" आई म्हणाली. "मी आईचं बोट धरून गेले होते त्या कार्यालयात. दोनदा. एक उंच बाक होता, त्याच्यावर आम्हाला बसू दिलं नाही, हे मला लख्ख आठवायचं. पण तू शिकलेली. तू पुस्तकं बघून लिहिलंस, खाली पानाचा आकडा घातलास. म्हटलं, सात वर्षांची पोर होते मी, मलाच चुकीचं आठवत असणार. अडाणीच असू आम्ही. मग मी ते आठवायचं सोडून दिलं."

काकूंना वर बघवेना.